धान्यातील पतंग आणि फवारणी : औषध कुठे पोचतं आणि कुठे पोचत नाही



पावसाळा लागला की आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो : "सर, गव्हात पाखरं झाली. कोणतं औषध मारू?" शाळेतही वेगळं चित्र नसतं. सुट्टीनंतर पोषण आहाराच्या खोलीचं कुलूप उघडलं की तांदळाच्या पोत्याभोवती करड्या रंगाची पाखरं उडताना दिसतात, पोत्याच्या तोंडाशी जाळी धरलेली असते. मग कुणीतरी म्हणतं, "कपाशीवर मारायचं औषध घरी आहे, थोडं आणून देऊ का?"

हा शेवटचा प्रश्न काळजीत टाकणारा आहे. ते धान्य उद्या मुलांच्या ताटात जाणार असतं. म्हणून आजच्या पाठाचं सार आधीच सांगून टाकतो. फवारणी ही रिकाम्या खोलीसाठी, भिंतींसाठी आणि फटींसाठी आहे, धान्यासाठी नाही. असं का, ते समजून घ्यायचं तर आधी पाखराची ओळख करून घ्यावी लागेल.

१. पाखरू कोण आणि अळी कोण?

उडणारं पाखरू आपल्याला दिसतं, म्हणून राग त्याच्यावर निघतो. खरं तर हे प्रौढ पतंग धान्य खातच नाहीत. आठ-दहा दिवस जगायचं, जोडीदार शोधायचा आणि अंडी घालायची, एवढंच त्यांचं काम. धान्य खाते ती अळी. हा पहिला मुद्दा मुलांना पक्का समजला पाहिजे.

आपल्याकडे घरात आणि शाळेत मुख्यतः दोन प्रकारचे पतंग दिसतात.

पहिला म्हणजे दाण्यातला पतंग. शास्त्रीय नाव सायटोट्रोगा सिरिअलेला. हा लहान असतो, गव्हाच्या काडाच्या रंगाचा, आणि त्याच्या मागच्या पंखांना लांब केसांची झालर असते. ज्वारी, गहू, मका आणि धान ही याची आवडती खाद्यं. मादी दाण्यावर किंवा दाण्यांच्या फटीत अंडी घालते. अंड्यातून निघालेली बारीक अळी दाण्याला छिद्र पाडून आत शिरते, आणि मग अळीपासून कोषापर्यंतचं सगळं आयुष्य त्या एका दाण्याच्या आतच जातं. बाहेर पडण्याची वाटही ती आधीच करून ठेवते. दाण्याच्या सालीवर गोल कापते आणि पातळ झाकण तसंच राहू देते. पुढे पतंग ते झाकण ढकलून बाहेर येतो. दाणा वरून धड दिसतो, आत पोकळ असतो.

दुसरा म्हणजे तांदळातला पतंग, कॉर्सिरा सेफॅलोनिका. हा थोडा मोठा आणि करडा-तपकिरी असतो. याची अळी दाण्यात राहत नाही. ती दाण्यांच्या मधोमध रेशमाचं जाळं विणते, त्यात दाणे, भुसा आणि स्वतःची विष्ठा चिकटवते आणि त्या बोगद्यात बसून खाते. तांदळाचे, रव्याचे, शेंगदाण्याचे गोळे झालेले दिसतात ते याच्यामुळे. पोषण आहाराच्या पोत्यात बहुतेक वेळा हाच असतो.

सोंडे, म्हणजे तांदळातले काळपट सोंडवाले किडे, हे पतंग नव्हेत. ते भुंगेऱ्यांच्या गटातले. सोंडे पोत्यात खोलवर शिरतात. पतंगांना दाण्यांच्या दाट राशीत खोल जाता येत नाही, म्हणून मोकळ्या राशीत किंवा कोठीत त्यांचा उपद्रव वरच्या थरात जास्त असतो. पुढे उपाय करताना हा फरक उपयोगी पडतो.

२. हे पाखरू घरात येतं कुठून?

"कोठी तर स्वच्छ होती, मग आलं कुठून?" असं पालक विचारतात. दाण्यातला पतंग बऱ्याचदा शेतातूनच येतो. पीक उभं असताना, कणीस पिकत आलं की मादी तिथेच अंडी घालते. आपण मळणी करून पोतं घरी आणतो तेव्हा काही दाण्यांत अळी आधीच बसलेली असते. दुसरी वाट जुन्या धान्याची. गेल्या वर्षीचा उरलेला पायलीभर गहू, न झटकलेलं बारदान, कोठीच्या कोपऱ्यातला भुसा, भिंतीची फट. यांतलं काहीही एक पुरे.

अंड्यापासून पतंग व्हायला उबदार हवेत साधारण पाच ते सात आठवडे लागतात. एक मादी शंभराच्या आसपास किंवा जास्त अंडी घालते. आता मुलांना गणित घाला : समजा शंभर अंड्यांतून फक्त वीस पतंग झाले, त्यांत दहा माद्या. पुढच्या पिढीत अंडी किती? हजार. त्याच हिशेबाने त्या हजारांतून शंभर माद्या, आणि त्यांची अंडी दहा हजार. चैत्रात एक मादी कोठीत शिरली तर पोळ्यापर्यंत हे घडू शकतं.

आणखी एक योगायोग पाहा. विदर्भातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी दीड-दोन महिन्यांची असते, आणि पतंगाची एक पिढी पूर्ण व्हायलाही जवळपास तेवढेच दिवस लागतात. म्हणजे सुट्टीआधी पोत्यात राहिलेली थोडी अंडी शाळा उघडेपर्यंत पाखरं होऊन आपल्या स्वागताला तयार.

३. बोंडअळीची चुलत बहीण

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना एक उदाहरण लगेच कळतं : कपाशीवरची गुलाबी बोंडअळी. दाण्यातला पतंग आणि गुलाबी बोंडअळीचा पतंग हे दोघे एकाच कुळातले आहेत. त्या कुळाला गेलेचिडी म्हणतात. सवयही सारखीच. बोंडअळी बोंडात शिरते आणि बाहेरून बोंड धड दिसतं. दाण्यातली अळी दाण्यात शिरते आणि बाहेरून दाणा धड दिसतो.

२०१७ च्या हंगामात विदर्भातल्या शेतकऱ्यांनी गुलाबी बोंडअळीचा मोठा फटका सोसला. ज्यांच्या घरी पऱ्हाटी आहे त्या मुलांना विचारा : "अळी बोंडात गेल्यावर वरून फवारून काय उपयोग होतो?" उत्तर मुलंच देतील. फवारा बोंडाच्या सालीवर पडतो, अळी आत मजेत असते. आता पुढचा प्रश्न : "मग दाण्याच्या आत बसलेल्या अळीला वरून फवारून काय होईल?" पाठाचा गाभा इथेच मुलांच्या हाती लागतो.

४. फवारणी कुठे पोचते?

फवारणीचं औषध ज्या पृष्ठभागावर पडतं तिथेच काम करतं. पतंग त्या भिंतीवर बसला किंवा अळी त्यावरून सरपटली तर मरते. हिशेब मांडला तर असा दिसतो :

- उडणारा किंवा भिंतीवर बसलेला पतंग : मरतो.
- फटीतली, जमिनीवरच्या भुशातली अळी : औषध पोचलं तर मरते.
- जाळ्याच्या बोगद्यातली अळी : बहुतेक वाचते.
- दाण्याच्या आतली अळी आणि कोष : वाचतात.
- दाण्यावर पडलेलं औषध : तुमच्या-आमच्या पोटात जातं.

शेवटच्या दोन ओळी एकत्र वाचा. धान्यावर फवारलं तर जिला मारायचं ती अळी वाचते, आणि ज्याला जगवायचं त्याच्या ताटात विष येतं. आठ दिवस पाखरं दिसत नाहीत म्हणून "औषध लागू पडलं" असं वाटतं. मग दाण्यातली पुढची खेप बाहेर येते, आणि माणूस दुसऱ्यांदा, जास्त कडक औषध फवारतो. खरा धोका या दुसऱ्या फवारणीत असतो.

शिवाय ओलावा! पाण्यात कालवलेलं औषध धान्यावर पडलं की धान्याचा ओलेपणा वाढतो. ओल्या धान्यात किडे जास्त माजतात आणि बुरशीही धरते. म्हणजे नुकसान तिन्हीकडून.

मोठ्या सरकारी गोदामांत थप्प्यांच्या बाहेरच्या बाजूवर फवारणी करतात हे खरं. पण तिथे प्रशिक्षित माणसं असतात, ठरलेलं वेळापत्रक असतं, धान्याची तपासणी होते. आपल्या स्वयंपाकघराला किंवा शाळेच्या खोलीला ती पद्धत लावू नये.

५. रिकाम्या खोलीत फवारणी करायची तर

शेतकऱ्याकडे धान्याची वेगळी खोली असेल, नवा माल भरायच्या आधी ती पूर्ण रिकामी असेल आणि गेल्या वर्षी पतंगांचा त्रास झाला असेल, तर फवारणीला जागा आहे. क्रम असा ठेवावा :

आधी झाडलोट. कोपरे, तुळया, दाराच्या मागची बाजू खरवडून काढा. निघालेला भुसा उकिरड्यावर न टाकता जाळा किंवा खोल पुरा. मग फटी आणि उंदरांची बिळं सिमेंटने बुजवा. निम्मं काम इथेच होतं, आणि त्यात औषधाचा थेंबही लागत नाही.

त्यानंतर फवारणी. साठवणुकीच्या रिकाम्या जागेसाठी फार वर्षांपासून चालत आलेली शिफारस मॅलाथिऑन ५० टक्के प्रवाही या औषधाची आहे : १ भाग औषध आणि १०० भाग पाणी, आणि हे द्रावण १०० चौरस मीटरला ३ लिटर. आपण विकत घेतलेल्या बाटलीवर साठवणुकीच्या जागेसाठी वापर लिहिलेला आहे का ते आधी पाहावं आणि लेबलवर जे प्रमाण असेल तेच अंतिम मानावं. परवानाधारक दुकानातून, पावती घेऊन, सीलबंद बाटलीच घ्यावी.

इथे सातवी-आठवीसाठी छान उदाहरण तयार होतं. खोली ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद, ३ मीटर उंच. चार भिंतींचं क्षेत्रफळ २ × (४ + ३) × ३ = ४२ चौरस मीटर. जमीन ४ × ३ = १२. एकूण ५४ चौरस मीटर. १०० चौरस मीटरला ३ लिटर, म्हणजे १ चौरस मीटरला ३० मिलिलिटर. ५४ × ३० = १६२० मिलिलिटर द्रावण. त्यात औषध साधारण १६ मिलिलिटर, म्हणजे तीन-चार चमचे. मुलं चकित होतात. घरी अंदाजपंचे अर्धी बाटली ओतली जाते ती किती पटीने जास्त, याचाही हिशेब करायला सांगा. (गणित मुलांनी करायचं; बाटलीला हात फक्त मोठ्यांनी लावायचा.)

एक बारकावा. चुना लावलेल्या भिंतीवर मॅलाथिऑनचा प्रभाव लवकर संपतो, कारण चुना अल्कधर्मी आहे आणि अल्कात हे औषध फुटतं. आम्ल-अल्काचा धडा शिकवताना हे उदाहरण द्यायला हरकत नाही. तेव्हा फवारणी आणि ताजा चुना एकदम करण्यात अर्थ नाही.

फवारणाऱ्याने अंगभर कपडे, रबरी हातमोजे, चष्मा आणि मास्क वापरावा. मुलं, गरोदर बाई, गुरं आसपास नसावीत. नंतर खोली लेबलवर दिलेला वेळ बंद ठेवावी, मग दारं-खिडक्या उघडून भरपूर वारा द्यावा. भिंत आणि जमीन पूर्ण वाळल्याशिवाय धान्य आत नेऊ नये. माणसं झोपतात ती खोली, स्वयंपाकघर, वर्ग आणि अंगणवाडी यांत ही फवारणी करायचीच नाही.

६. या गोष्टींना घरात थारा नको

हा भाग पालकांनी सावकाश वाचावा.

पहिली गोष्ट, धान्यात ठेवायच्या गोळ्या. अॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हवेतल्या ओलाव्याने फुटते आणि तिच्यातून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम वायू. हा वायू दाण्याच्या आतही शिरतो, म्हणून दाण्यातली अळी मरते. पण तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतही जातो. या विषावर उतारा नाही. धान्याच्या खोलीत किंवा तिच्या शेजारी झोपलेली मुलं या वायूने दगावल्याच्या बातम्या देशाच्या वेगवेगळ्या भागांतून पुन्हा पुन्हा आल्या आहेत. कायद्यानेही या गोळ्यांचा वापर सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक धुरीकरण करणाऱ्यांपुरताच मर्यादित आहे. कुणी ओळखीने दोन गोळ्या पुडीत बांधून दिल्या तरी घेऊ नका.

दुसरी गोष्ट, जुनी औषधं आणि जुनी माहितीपत्रकं. एकेकाळी घरोघरी धान्यात ईडीबीच्या काचेच्या कुप्या फोडून ठेवत. ईडीबीवर भारतात २००१ मध्ये बंदी आली. गोदामात पतंगांसाठी डायक्लोरव्हॉस फवारत. त्याचा वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला. घरात जुनी पुस्तिका असेल आणि त्यात ही नावं असतील तर ती पानं मुलांच्या हाती अभ्यास म्हणून द्या, वापरासाठी नाही.

तिसरी गोष्ट, शेतातलं औषध. कपाशीवर फवारायची औषधं घरातल्या धान्याजवळ आणायचीच नाहीत. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. ते तर उघड्या शेतात होते. बंद खोलीत काय होईल याचा विचार करा.

चौथी गोष्ट, रिकामे डबे. बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत १६ जुलै २०१३ रोजी मध्यान्ह भोजन जेवून २३ मुलं दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळलं. आपण शिक्षक म्हणून हा प्रसंग विसरू नये. औषधाचा डबा कितीही धुतला तरी त्यात तेल, पाणी, धान्य भरायचं नाही. त्याला भोक पाडून निकामी करायचं. आणि पोषण आहाराच्या खोलीत फिनेल, उंदराचं औषध, फवारणीचा पंप, काहीही ठेवायचं नाही. कपाट वेगळं पुरत नाही, खोलीच वेगळी हवी.

पाचवी गोष्ट, पेरणीचं बियाणं. गुलाबी, निळा किंवा हिरवा रंग चढवलेलं बियाणं हे औषध लावलेलं असतं. ते उरलं तरी दळायचं नाही, गुरांना-कोंबड्यांना घालायचं नाही.

कुणाला विषबाधेची शंका आली (खूप घाम, लाळ, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं, श्वास कोंडणं) तर त्याला मोकळ्या हवेत आणा, औषध लागलेले कपडे काढून अंग साबणाने धुवा, १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली किंवा लेबल सोबत घेऊन दवाखान्यात जा. घरी उलटी करवू नका, दूध-तूप पाजत वेळ घालवू नका.

७. मग खरा उपाय कोणता?

तीन शब्दांत सांगायचं तर ऊन, कोरडेपणा आणि झाकण.

ऊन. दाण्याच्या आत औषध पोचत नाही, पण उष्णता पोचते. १७६० च्या सुमारास फ्रान्सच्या अंगुमुआ प्रांतात याच दाण्यातल्या पतंगाने गव्हाची वाट लावली होती. (म्हणूनच जगभर त्याला अंगुमुआ पतंग असंही म्हणतात.) तिथल्या विज्ञान अकादमीने दुहामेल आणि तिये या दोन अभ्यासकांना पाठवलं. त्यांनी सुचवलेला उपाय होता, धान्य भट्टीत तापवणं. आपल्याला भट्टीची गरज नाही. वर्धेत मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. गच्चीवरच्या ताडपत्रीवर पसरलेलं धान्य हवेपेक्षाही जास्त तापतं. धान्याचं तापमान ५० अंशांच्या वर तासभर टिकलं तर बहुतेक किडे सगळ्या अवस्थांत मरतात.

रीत अशी : काळी ताडपत्री अंथरा, दोन-तीन बोटं जाडीचा थर द्या, सकाळी अकरा ते चार उन्हात ठेवा, मधून मधून हलवा. वरून पारदर्शक प्लॅस्टिक घालून कडा दगडांनी दाबल्या तर आत आणखी तापतं. दोन-तीन दिवस असं करा. संध्याकाळी मात्र धान्य बाहेर राहू देऊ नका, कारण पतंग दिवेलागणीलाच उडतात आणि उघड्या धान्यावर पुन्हा अंडी घालतात. भरण्यापूर्वी धान्य थंड होऊ द्या. गरम भरलं तर झाकणाखाली पाणी सुटतं. तांदळाला हे कडक ऊन देऊ नका, तो तडकून कणी होते. तांदूळ सावलीत किंवा कोवळ्या उन्हात पसरून चाळून घ्यावा. रवा, बेसन, सुकामेवा यांची बंद पाकिटं चार दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवली तरी अळ्या-अंडी मरतात.

कोरडेपणा. गहू-ज्वारी साठवताना ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा, डाळी-कडधान्यांत त्याहून कमी. यंत्र नसेल तर आजीची परीक्षा आहेच : दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. दबला तर अजून ऊन हवं.

झाकण. किड्यालाही श्वास लागतो. हवाबंद भांड्यात धान्य आणि किडे मिळून आतला प्राणवायू संपवतात आणि किडे गुदमरून मरतात. आपल्याकडच्या जुन्या पेवात हेच तत्त्व होतं : जमिनीत खड्डा, कोरडं धान्य काठोकाठ, वरून तोंड लिंपून बंद. आज तेच काम जाड प्लॅस्टिकच्या हवाबंद पिशव्या किंवा घट्ट झाकणाची पिंपं करतात. दोन नियम पाळा. एक, भांडं काठोकाठ भरा. अर्धं रिकामं असेल तर आत हवा भरपूर राहते. दोन, रोज उघडू नका. पंधरा दिवसांचं धान्य वेगळ्या लहान डब्यात काढा आणि मोठं पिंप बंदच राहू द्या.

कडुनिंबाचा पाला, बिब्बे, एरंडेलाचा हात, राख हे घरगुती उपायही चालत आलेले आहेत. सावलीत पूर्ण वाळवलेला पाला ठेवायला हरकत नाही. ओला पाला नको. एरंडेलाचा उपयोग डाळी-कडधान्यातल्या भुंगेऱ्यांवर जास्त. बिब्ब्याचं तेल अंगावर उततं, म्हणून तो मुलांच्या हाती देऊ नका. हे उपाय मदतनीस आहेत. ओल्या, उघड्या धान्याला ते वाचवू शकत नाहीत. बोरिक पावडर आणि पाऱ्याच्या गोळ्या मात्र खाण्याच्या धान्यापासून दूरच ठेवा.

८. शाळेच्या तांदळासाठी

प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य हे प्रमाण आपल्याला पाठ आहे. ६० मुलांच्या प्राथमिक शाळेत दिवसाला ६ किलो, म्हणजे ५० किलोचं पोतं सरासरी आठ दिवस. यावरून मागणी अशी ठरवा की दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर कमीत कमी पोती उरतील. औषध न वापरता पतंगाला हरवायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग.

बाकी सवयी अशा : पोतं आलं की तारीख लिहा आणि आधी आलेलं आधी वापरा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा. दर शनिवारी पोत्याच्या शिवणीवर आणि तोंडाशी जाळी दिसते का ते पाहा. खिडकीला बारीक जाळी लावा. रिकामी बारदानं उन्हात झटकूनच घडी करा. सुट्टीत राहणारा तांदूळ कोरडा असल्याची खात्री करून, चाळून, हवाबंद पिंपात भरा.

आणि तरीही जाळी, गोळे किंवा कुबट वास आढळला तर? ते पोतं शिजवू नका. बाजूला काढा, नोंद करा, शाळा व्यवस्थापन समितीला दाखवा आणि केंद्रप्रमुखांना लेखी कळवा. "वाया जाईल" या भीतीने खिचडीत ढकलू नका आणि "कुणी बोलेल" या भीतीने औषधही मारू नका. नोंद करणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी समितीने आणि पालकांनी उभं राहायला हवं, एवढी विनंती पालकांना आहे.

९. वर्गात घेता येतील असे उपक्रम

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली होती आणि हाताने काम करता करता शिकण्याचा विचार इथून देशभर गेला. धान्य निवडणं हे तसंच काम आहे. सुपात विज्ञान आणि गणित दोन्ही असतात.

वजनाचा उपक्रम. ज्वारीचे १०० धड दाणे आणि १०० भोक पडलेले दाणे मोजून वेगवेगळे तोला. फरक काढा, शेकडा घट किती ते सांगा. क्विंटलमागे किती रुपये गेले ते बाजारभावाने काढा.

तीन बरण्यांचा प्रयोग. पतंग लागलेली ज्वारी तीन सारख्या वाट्यांत घ्या. पहिली तशीच बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधा. दुसरी तीन दिवस कडक उन्हात ताडपत्रीवर तापवून मग तशीच मलमल बांधून ठेवा. तिसरी घट्ट झाकणाच्या लहान बाटलीत काठोकाठ भरून झाकणाला मेण लावा. सहा आठवडे दर सोमवारी किती पाखरं दिसली त्याचा तक्ता करा. उन्हातल्या धान्यात प्रयोगशाळेचा तापमापक खुपसून दर तासाला नोंद घेतली तर आलेखही तयार होतो.

मित्र आणि शत्रू. हा मुलांना फार आवडणारा भाग. ज्या तांदळातल्या पतंगाला आपण हाकलतो, त्याला प्रयोगशाळेत मुद्दाम ज्वारी-बाजरीच्या भरडीवर वाढवतात! त्याची अंडी कागदावर चिकटवतात आणि त्या अंड्यांत ट्रायकोग्रामा नावाची अगदी बारीक माशी आपली अंडी घालते. तेच ट्रायकोकार्ड. ते कपाशीच्या पानाला टाचलं की माश्या बाहेर पडून बोंडअळ्यांची अंडी शोधतात. आपल्या सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राच्या भेटीची सहल काढली तर साठवणूक आणि ट्रायकोकार्ड, दोन्हींविषयी तिथल्या तज्ज्ञांना मुलं प्रश्न विचारू शकतील.

लेबल वाचन. बाटली नाही, फक्त लेबलचं छायाचित्र वर्गात दाखवा. त्रिकोणाचा रंग ओळखायला शिकवा : लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे "चालेल" असं नव्हे, तर त्यातल्या त्यात कमी विषारी.

१०. स्वाध्याय

१. प्रौढ पतंग धान्य खात नाही, तरी तो नुकसानीला कारण का ठरतो?
२. धान्यावर फवारणी केल्यावर आठ दिवस पाखरं दिसली नाहीत आणि नंतर पुन्हा आली. कारण सांगा.
३. ५ मीटर × ४ मीटर जमीन आणि ३ मीटर उंची असलेल्या रिकाम्या खोलीच्या भिंती आणि जमीन मिळून किती द्रावण लागेल?
४. पेव आणि हवाबंद पिशवी यांत कोणतं तत्त्व समान आहे?
५. घरी आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी वर्षाचं धान्य कशात भरत, केव्हा वाळवत आणि पावसाळ्यात कसं सांभाळत? दहा ओळी लिहा.

पालकहो, पाचवा प्रश्न घरी येईल तेव्हा मुलासोबत बसून उत्तर सांगा, आणि त्या निमित्ताने कोठीच्या आसपास एखादी जुनी औषधाची बाटली किंवा गोळ्यांची पुडी पडली आहे का तेही पाहून घ्या. असेल तर आजच मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कुलुपात, धान्यापासून दूर ठेवा आणि तिची विल्हेवाट कशी लावायची हे कृषी सहायकांना विचारा.